कोपऱ्यातली खूण

बत्तीस वर्षं मी अमेरिका शिकवली आणि अमेरिका काही पाहिली नाही. तरी तिथला राष्ट्रपती किमान किती वर्षांचा हवा, सिनेटमध्ये एकेका राज्याचे किती सभासद, राष्ट्रपतीनं नाकारलेला कायदा पुन्हा कसा मंजूर होतो, हे मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. माळव्यातल्या आमच्या कॉलेजांत बी.ए.ला 'विश्व के प्रमुख संविधान' असा एक पेपर असे. ब्रिटन, अमेरिका, स्वित्झर्लंड, चीन. ब्रिटन सगळ्यांना हवं असायचं, कारण तिथं राणी होती. चीनला गाइडमध्ये पानं कमी. अमेरिका लांबलचक आणि किचकट, म्हणून ती नव्यानं लागलेल्या बाईच्या गळ्यात पडली. नंतर मलाच ती सोडवेना.

आमच्या मराठी समाजाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या गमती लिहा, असा आग्रह झाला. गमती आहेतच. पण ज्या एका गोष्टीनं मला मुळापासून हादरवलं ती गंमत नाही, आणि ती वगळून बाकीचं लिहायचं म्हणजे सक्तीचा प्रश्न ऑप्शनला टाकण्यासारखं आहे. मी जन्मभर मुलांना तसं करू दिलं नाही.

आधी धंदा काय होता ते सांगते. घरी मराठी, वर्गात हिंदी, आणि विषय इंग्रजी पुस्तकांतला. मुलं पुस्तकाच्या वाटेला जात नसत. बसस्टँडजवळच्या दुकानात मिळणारं पातळसं गाइड हाच त्यांचा ग्रंथ. 'सीनेट विश्व का सबसे शक्तिशाली उच्च सदन है, समझाइए' हा प्रश्न एक वर्षाआड येणार, हे पोरांना माझ्याआधी ठाऊक असायचं. एकानं उत्तरात लिहिलं होतं, "अमेरिका का राष्ट्रपति बहुत शक्तिशाली होता है, परंतु सीनेट के सामने उसकी नहीं चलती, जैसे घर में पिताजी की।" मी पूर्ण मार्क दिले. दुसऱ्यानं न्यायिक पुनरावलोकनाचा अर्थ असा सांगितला, की जजसाहेब फाइल पुन्हा पाहतात, कारण पहिल्यांदा पाहिलेली नसते. त्यालाही दोन मार्क जास्तच दिले असतील. ज्यानं लिहिलं तो तहसीलीच्या चकरा मारलेल्या घरातला असणार.

गाइडच्या बाहेरचं शिकवायची मला खोड होती. माझं माहेर देवासचं, धाकट्या पातीच्या दरबारात कारकुनी केलेलं घराणं. एका गावात दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. रस्त्याची ही बाजू ह्यांची, ती बाजू त्यांची. त्यामुळे एकाच माणसावर दोन सरकारं कशी चालतात, राज्याचं एक आणि संघाचं एक, हे समजवायला मला अमेरिकेत जावं लागत नसे. आणि सत्तेची विभागणी मी होस्टेलच्या मेसवरून शिकवायची. भाजी आणणारी एक, शिजवणारी दुसरी, आणि चव घेऊन बोंब मारणारी तिसरी. तिन्ही कामं एकाच बाईकडे दिली तर डाळ पातळच होणार, आणि ती पातळ आहे हे सांगायलाही कोणी उरणार नाही. मुली खदाखदा हसायच्या. मला वाटायचं, बाई, काय शिकवतेस तू.

हे सगळं धारला. आमचे हे देवासच्या एका कारखान्यात सुपरवायझर, दोन्ही मुलं देवासच्या शाळेत, आणि मी सोमवार ते शनिवार धारच्या एका खोलीत. शनिवारी दुपारी बस, इंदूरला बदलायची, संध्याकाळी देवास. बदलीचा अर्ज मी दरवर्षी करायची आणि तो दरवर्षी कुठल्यातरी टेबलावर विसावायचा. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी छात्रसंघाची निवडणूक 'अप्रत्यक्ष प्रणाली'नं व्हायची होती. म्हणजे मुलांनी आपापल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा, त्याला सगळे सी.आर. म्हणत, आणि त्या सी.आर. मंडळींनी मिळून अध्यक्ष निवडायचा. प्राचार्यांनी मला बोलावलं. "मैडम, आप राजनीति शास्त्र पढ़ाती हैं, चुनाव अधिकारी आप ही रहेंगी।" स्वयंपाकाचं पुस्तक वाचलेल्या बाईला हजार पानांचं जेवण करायला सांगावं तसंच हे होतं. पण मी हरखले. वर्गात नेमकं अमेरिकेचं निर्वाचक मंडळ चालू होतं! तिथंही राष्ट्रपतीला जनता थेट निवडत नाही. प्रत्येक राज्य आपले निर्वाचक निवडतं आणि ते राष्ट्रपती निवडतात. मला वाटलं, आयतं प्रात्यक्षिक मिळालं.

वर्गांचे तेवीस सी.आर. निवडून आले, त्यात चार मुली. अध्यक्षपदाला दोन उमेदवार. एक बबलू, ज्याच्या काकांच्या जीपगाड्या धार ते कुक्षी चालायच्या आणि ज्याचा एका नेत्याकडे घरच्यासारखा वावर होता. दुसरा दिनेश, सायन्सचा, चष्मेवाला, बोलताना अडखळणारा.

मतदानाला चार दिवस होते. मी वर्गात गेले तर अर्धी बाकं रिकामी. निर्वाचकांविषयीच शिकवत होते त्या दिवशी: ते सगळे एका जागी जमत नाहीत, आपापल्या राज्यात राहून, एकाच दिवशी मत देतात, एका जागी जमले तर कोणी त्यांना फोडेल, दटावेल, म्हणून तशी योजना केलेली. एवढं सांगून मी बाहेर आले तर इतिहासाचे पुराणिक सर व्हरांड्यात उभे. धारचेच, तीन पिढ्यांचे.

"ताई, तुमचे निर्वाचक नर्मदेत डुबक्या मारतायत."

"म्हणजे?"

"अहो, बबलूनं बारा जण जीपमध्ये घालून नेमावरला नेले. दर्शनाला! मतदानाच्या आदल्या दिवशी आणेल. दिनेशच्या पोरांनी उरलेल्यांपैकी सहा सरदारपुरला कोणाच्या मामाच्या मळ्यात ठेवलेत. अशी निवडणूक असली की हे ठरलेलंच. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. "मुलीसुद्धा?" एवढंच मला विचारता आलं.

"चारही. बबलूची वहिनी बरोबर आहे म्हणे. वॉर्डनबाईंनी तोंडी परवानगी दिली."

त्या चारांत रमिला होती.

रमिला कुक्षीच्या पलीकडच्या डहीकडची. वडील आश्रमशाळेत स्वयंपाकी. तिच्या पाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिलीच, आणि आदिवासी मुलींच्या होस्टेलात राहायची. होस्टेलची जागा होती म्हणून कॉलेज होतं. डहीहून रोज येणं शक्यच नव्हतं, बस बदलत यायचं तर अर्धा दिवस जायचा, आणि धारला खोली घेऊन राहायची घरची ऐपत नव्हती. बी.ए.चं दुसरं वर्ष. पहिल्या बाकावर बसायची. वर्गात सगळी मुलं समजो न समजो मान हलवतात, शिक्षकाला बरं वाटावं म्हणून. ही हलवायची नाही. समजलं की मगच. तिची मान हलेपर्यंत मी पुढे जायची नाही, इतकी मला तिची सवय झाली होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी ती परत आली आणि सरळ माझ्याकडे आली. व्हरांड्याच्या टोकाला मला गाठून हळू आवाजात म्हणाली, "मैडम, नेमावर में सबके हाथ में नर्मदाजी का पानी देकर सौगंध दिलवाई। कि बबलू भैया को ही वोट देंगे।"

"तुमने खाई?"

"खाई। सब खा रहे थे।"

"और देना किसको चाहती हो?"

"दिनेश को। वो लाइब्रेरी शाम तक खुलवाने का बोल रहा है। होस्टल में लाइट नहीं रहती, मैडम।"

मला इतका अभिमान वाटला तिचा! पाण्यावर शपथ घातली तरी ही मुलगी लायब्ररीच्या वेळेचा विचार करतेय. मग मी जे काही बोलले ते आज आठवलं की अंगावर काटा येतो. म्हटलं, धाकानं घेतलेली शपथ ही शपथच नव्हे. मत तुझं आहे. मतपत्रिका गुप्त असते, सगळ्या जगातल्या लोकशाह्या ह्या एका गोष्टीवर उभ्या आहेत, तू कोणाला दिलंस हे तुझ्या आईलाही कळणार नाही. दहा मिनिटं मी व्हरांड्यात व्याख्यान दिलं.

तिनं सगळं ऐकलं, पण मान हलवली नाही. मग म्हणाली, "मैडम, उन्होंने ये भी बताया है कि निशान किस कोने में लगाना है। मुझे नीचे दाहिने कोने में बोला है।"

आणि मी भडकले. मला वाटलं, आदिवासी पोरगी आहे म्हणून तिला खूण कुठं करायची तेही शिकवताहेत! कॉलेजात शिकणारी मुलगी, तिला कागदावर बरोबरची खूण करता येत नाही की काय? त्या अपमानानं माझं डोकं असं तापलं की दुसरा काही अर्थ असू शकेल हे मनातच आलं नाही. मी म्हटलं, "कोना-वोना सब भूल जाओ। जहाँ मन करे वहाँ लगाओ। मैं बैठी हूँ ना वहाँ।"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

मतदान छान झालं. कागदावर दोन नावं, प्रत्येकापुढे ऐसपैस चौकोन, त्यात पेनानं खूण करायची. मतपत्रिका मीच आखून सायक्लोस्टाइल केल्या होत्या. पडदा लावला, पेटीला लाख लावली. तेवीसच्या तेवीस मतं पडली.

मोजणी मी माझ्या पद्धतीनं घ्यायची ठरवली होती. आदल्या वर्षी ती प्राचार्यांच्या खोलीत दार लावून झाली होती आणि मग दगडफेक झाली होती. मी जाहीर केलं की लोकशाहीत सगळं उघड्यावर व्हायला हवं. मोठ्या हॉलमध्ये तेवीस सी.आर. समोर बसवले, दोन्ही उमेदवारांचे दोन एजंट माझ्या टेबलापाशी. एकेक मतपत्रिका मी उलगडायची, दोन्ही हातांनी उंच धरायची, डावीकडे दाखवायची, उजवीकडे दाखवायची, आणि खणखणीत आवाजात सांगायची: "बबलू। निशान ऊपर, बायाँ कोना। वैध।" "दिनेश। निशान बीच में। वैध।" "बबलू। दोहरी लकीर का निशान। वैध।" खूण कुठं आहे ते सांगायचं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्याच मनानं घातलं, पारदर्शकतेसाठी.

बबलूचा एजंट प्रत्येक वेळी मांडीवरच्या कागदावर काहीतरी टिपत होता. मला वाटलं, किती मन लावून काम करतोय पोरगा.

दिनेश बारा, बबलू अकरा. टाळ्या, आरडाओरडा, दिनेशला खांद्यावर घेतलं. त्या गोंधळात मला एवढंच दिसलं की तो एजंट आपल्या कागदाकडे पाहतोय आणि मग मान वर करून सावकाश समोरच्या बाकांकडे पाहतोय. त्याची नजर फिरत फिरत एका जागी थांबली. मग त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मी स्टाफरूममध्ये आले ती जिंकल्यासारखी. पुराणिक सर चहा ढवळत होते. मी म्हटलं, "बघितलंत? एक दगड पडला नाही."

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग म्हणाले, "ताई, ती मोजणी नव्हती हो. तुम्ही हजेरी घेतलीत."

आणि त्यांनी मला समजावलं. नेमावरला प्रत्येकाला वेगळी खूण दिली होती. कोणाला वरचा डावा कोपरा, कोणाला खालचा, कोणाला लांब शेपटीची खूण, कोणाला दुहेरी रेघ. बारा माणसं, बारा खुणा. एजंटच्या कागदावर बारा नावं. मी एकेक खूण उंच धरून ओरडून सांगत गेले आणि तो नावांपुढे फुल्या मारत गेला. अकरा झाल्या. खालचा उजवा कोपरा आलाच नाही.

राज्यशास्त्राची एम.ए., पहिला वर्ग, आणि हे मला कळू नये! ती मुलगी मला नेमकं हेच सांगायला आली होती. तिनं कोपरासुद्धा सांगितला होता. आणि मी काय केलं, तर तिच्या वतीनं अपमान वाटून घेतला.

आठवडाभरात तक्रार आली: रमिला तीन दिवस लेखी परवानगीशिवाय होस्टेलबाहेर होती. तिच्यावर चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष प्राचार्य, सभासद वॉर्डनबाई, ज्यांनी तोंडी परवानगी दिली होती, आणि सभासद मी. मी खोलीत शिरले तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एक तक्रारीचा, एक तिला होस्टेलातून काढल्याच्या निर्णयाचा. दोन्ही एकाच टाइपरायटरवर झालेले, त्यातलं 'क' अक्षर दोन्हीकडे अर्धवट उठलेलं. तक्रार ह्याच ऑफिसात लिहिली गेली, चौकशी इथंच होत होती आणि निकालही इथंच टाइप करून तयार होता. मेसची ती गोष्ट सांगून मी मुलींना हसवत आले होते, आणि आता ती पातळ डाळ मलाच वाढलेली होती.

मी विचारलं, "सर, बाकी तीन लड़कियाँ भी तो गई थीं।"

"उनकी शिकायत नहीं आई, मैडम।"

"परमिशन तो..."

"मैडम," प्राचार्य म्हणाले. दुष्ट माणूस नव्हता तो, दमलेला होता. सकाळपासून त्यांना दोनदा 'वरून' फोन आला होता. "राजनीति पढ़ाइए, कीजिए मत।" आणि त्यांनी खणातून तिसरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. माझा देवासच्या बदलीचा अर्ज. त्यावर त्यांनी शिफारस लिहिली होती, सही राहिली होती. "ये मैं आज ही भोपाल भेज रहा हूँ।"

रमिलाला आत बोलावलं. तिला एवढंच विचारलं, बाहेर गेली होतीस का. "गई थी।" परवानगी होती का. "वार्डन मैडम ने मुँह से बोला था।" वॉर्डनबाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. रमिलानं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं.

मी सही केली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. विरोधाची दोन ओळींची टीप लिहिता आली असती, तेवढा अधिकार मला होता. अमेरिकेच्या न्यायालयात एखादा न्यायाधीश एकटा पडला तरी आपला विरोध लिहून ठेवतो, हे मी वर्गात मोठ्या कौतुकानं सांगत असे. पण मला त्या क्षणी माझी मुलं दिसली, देवासच्या घरी शनिवारची वाट पाहणारी. खोटं कशाला सांगू.

चौथ्या दिवशी तिचे वडील आले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी. मी फाटकापाशी होते. त्यांनी मला ओळखलं, ट्रंक खाली ठेवून हात जोडले आणि म्हणाले, "मैडम, लड़की से कोई गलती हुई हो तो माफ करना।" रमिला मागे उभी होती. दोघं कुक्षीच्या बसमध्ये बसून गेली.

माझी बदली उन्हाळ्यात झाली. घरी पेढे वाटले.

देवासला मी नवीन कॉलेजात तेच शिकवत राहिले. दोन हजार साली अमेरिकेतल्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत एका राज्याची मतमोजणी अडकली आणि आमच्या कॉलेजात एकदम माझा भाव वधारला. ज्याला देशभर कमी मतं पडली तो निवडून येऊ शकतो, हे ऐकून वर्ग अवाक झाला होता. "मैडम, तो फिर जनता का क्या हुआ?" मी फळ्यावर राज्यं मांडली, निर्वाचक मांडले, ज्या राज्यात जो जिंकला त्याला तिथले जवळजवळ सगळे निर्वाचक कसे मिळतात ते दाखवलं, सर्वोच्च न्यायालयानं मोजणी कशी थांबवली तेही सांगितलं. तेवढ्यात एक पोरगा उत्साहानं म्हणाला, "मैडम, टी.वी. पर देखा क्या? वहाँ भी अफसर लोग मतपत्र ऊपर उठा-उठाके देख रहे थे!" मी पाहिलं होतं. मधे बसलेला माणूस, दोन्ही हातांनी उंच धरलेला कागद, उजेडाकडे केलेला, आणि दोन्ही बाजूंनी वाकून बघणारे दोन पक्षांचे लोक. मला खुर्चीवर बसावं लागलं. मुलांना वाटलं, मॅडमचं बी.पी. वाढलं.

त्यानंतर काही वर्षांनी पंचायतीच्या निवडणुका लागल्या. आमच्यासारख्या प्राध्यापकांना निवडणूक कर्मचाऱ्यांना शिकवायला पाठवतात. मला बागलीला पाठवलं. शाळेचा मोठा हॉल, दीडशे-दोनशे शिक्षक आणि ग्रामसेवक. पंचायतीची मतं मतदान संपताच त्याच केंद्रावर मोजतात, म्हणून मोजणीचा भाग नीट शिकवावा लागतो. मी सरकारी पुस्तिका वाचून दाखवत होते. कुठली मतपत्रिका बाद करायची: जिच्यावर शिक्का नाही ती, जिच्यावर दोन उमेदवारांपुढे शिक्के आहेत ती, आणि जिच्यावर मतदाराची ओळख पटेल अशी कोणतीही खूण आहे ती.

मी हे वाक्य पूर्वीही वाचलं असणार. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे मी 'वैध, वैध' म्हणून ओरडत होते त्या बबलूच्या अकराच्या अकरा पत्रिका बाद होत्या. ती हजेरी मला तिथंच बंद पाडता आली असती.

तिसऱ्या रांगेत एका बाईनं हात वर केला. साधी सुती साडी, कडेवर नाही पण शेजारी खुर्चीवर झोपवलेलं लहान मूल. "मैडम, एक सवाल था। और अगर गिनने वाले को मालूम ही न हो, कि वो पहचान का निशान है?"

आवाजावरून ओळखलं मी तिला.

"तो गलती गिनने वाले की है," मी म्हटलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

चहाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी गेले. तिनं उठून नमस्कार केला. लग्न होऊन उदयनगरकडे आली होती, बारावीच्या गुणांवर संविदा, म्हणजे कंत्राटी, शाळा-शिक्षिका म्हणून लागली होती. "बी.ए. किया बाद में?" मी विचारलं. "नहीं मैडम। फॉर्म दो बार भरा। फिर नहीं हुआ।" मुलाच्या अंगावरचं पांघरूण तिनं सारखं केलं. माझ्या देवासच्या घराबद्दल विचारलं, मुलं काय करतात विचारलं. माझ्या सहीचं तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी सांगितलं. चौकशीच्या कागदावर मीही सही केली होती, हे सांगितलं. तिनं चहाचा कप उचलला.

मग मी म्हटलं, "रमिला, तुमने उस दिन मुझे कोने वाली बात बताई थी। मैं समझी नहीं थी। सच में नहीं समझी थी।"

तिच्या हातातला कप तसाच राहिला. इतक्या वर्षांत हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली, वर्गात पाहायची तशी.

"मुझे तो लगा था आप समझ गईं, मैडम," ती म्हणाली. "तभी तो मैंने दिनेश को वोट दिया।"